शाईचा डाग

"सर, डाग कुठाय?"

वार्टबुर्ग किल्ल्याची चढण चढून धापा टाकीत आलेल्या आमच्या चौदा मुलामुलींचा हा पहिला प्रश्न. दोष माझाच. सहल इतिहास विभागाची; सोबतीला एक वडीलधारा हवा म्हणून मला घेतलेले. पण जर्मनीला निघण्यापूर्वी मुलांना गोष्ट रंगवून सांगितली ती मीच. मार्टिन लूथर इथल्या एका खोलीत लपला होता, सैतान दिसताच त्याने शाईची दौत फेकून मारली आणि भिंतीवर डाग उमटला, वगैरे. प्रत्यक्षात तिथे नुसता उघडा पडलेला गिलावा! येणाऱ्याजाणाऱ्यांनी डाग खरवडून घरी नेला; मध्यंतरी तो पुन्हा पुन्हा रंगवावाही लागे. असला प्रसाद फक्त आपल्याकडेच नेतात असा माझा समज होता, तो गेला.

डाग सोडून मी टेबलाकडे वळलो. १५२१-२२ च्या हिवाळ्यात, दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात दडलेल्या या माणसाने अवघ्या अकरा आठवड्यांत ग्रीकमधला नवा करार जर्मनमध्ये आणला. घरातली आई, गल्लीतली पोरे, बाजारातला साधा माणूस कसा बोलतो ते त्यांच्या तोंडाकडे पाहून शिकावे, असे त्याने पुढे १५३० मध्ये लिहिले. वीस वर्षे ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याला आणखी काय हवे? मी १२९० पासून सुरुवात करून तिथेच तास घेतला. पहारेकऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले.

विटेनबर्गला किल्ल्याच्या चर्चचे दार पाहिले. ३१ ऑक्टोबर १५१७ ची पंच्याण्णव कलमे ज्यावर लावली म्हणतात ते लाकडी दार १७६० मध्येच जळाले; हे ब्राँझचे, १८५८ चे. मुलांनी तरी छायाचित्रे काढलीच.

मग गावातले चर्च. लूथरची प्रवचने इथे होत. बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवून एका अबोल मुलीने विचारले, "सर, ते वर काय आहे?"

सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे शिल्प: डुकरिणीला लुचणारे ज्यू. वरची अक्षरे मागाहून कोरलेली, लूथरच्याच १५४३ मधल्या एका पुस्तिकेवरून. त्याच वर्षी दुसऱ्या एका पुस्तकात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळा, असे त्याने लिहिले. शिल्प काढावे म्हणून खटला झाला. २०२२ मध्ये जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने ते राहू दिले. खाली जमिनीत १९८८ चे स्मारक आहे, मारल्या गेलेल्या ज्यूंचे.

मार्गदर्शक बाई हे सांगत होत्या आणि मी बुटांकडे पाहत होतो. १५४३ मला ठाऊक होते. किल्ल्यावर मी ते गाळले होते. वेळ नव्हता म्हणावे, तर दौतीच्या गोष्टीला मी चांगली दहा मिनिटे दिली होती.

"आणि ते पुस्तक कुठल्या भाषेत लिहिलं, सर?"

"जर्मनमध्येच."

"म्हणजे तीच? बाजारातली?"

"तीच," मी म्हणालो.

ती वाकून स्मारकावरची अक्षरे पाहू लागली. एरवी आइसक्रीमसाठी ओरडणारी पोरे बसमध्ये गप्प होती.

या जूनमध्ये माझ्या जुन्या टिपणाच्या समासात १५४३ हे साल लिहिले. दौतीची गोष्ट मात्र काढली नाही. मुले तिच्यासाठीच तर तासाला बसतात.