संत्र्याचा पैसा, जुलैची फी

संत्र्याच्या घरात पैसा दोनदा येतो. आंबिया बहाराचा दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. कॉलेजची फी मागतात जुलै-ऑगस्टात, म्हणजे बी-बियाणं, खत आणि फवारणीत हात रिकामे झालेले असतात तेव्हा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, लहानपणापासून घरात तेच पाहत आलो होतो. तरी २०१८ च्या उन्हाळ्यात बारावीचा निकाल हातात पडला आणि मी नागपूरचा हट्ट धरला. नागपूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचा.

आमच्याकडे नागपूरचं आकर्षण कुणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पांढुर्ण्याहून गाडीत बसलं की दोनेक तासांत नागपूर. दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, निम्मे सोयरे तिकडे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्यासोबत आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा इकडे मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, तहसीलमध्ये हिंदी, यात आम्हाला कधी काही अडलं नाही. त्यामुळे फॉर्म भरतानाही अडणार नाही असं मी धरून चाललो. मामा महाराष्ट्रातल्या वरुडचे. ते म्हणाले, "अबे, नागपूर आपलंच आहे. तू फक्त टक्के आण."

टक्के आणले होते. सत्तरच्या वर. माझ्या पुढच्या सगळ्या चुका या टक्क्यांच्या तोऱ्यात झाल्या.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिला प्रश्न राज्याचा असतो. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि सोबत तिथला अधिवास दाखला असेल, तर तुम्ही घरचे. नसेल तर निदान आई किंवा वडिलांकडे तरी तो दाखला हवा. मी प्रवेशाच्या खिडकीवर छाती फुगवून सांगितलं, माझी आई वरुडची आहे. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "माहेर वरुडचं, ठीक आहे. पण त्या राहतात कुठं?" पांढुर्ण्यात. "मग महाराष्ट्राचा दाखला निघेल का?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी बाहेरच्या राज्याचा ठरलो, आणि बाहेरच्यांच्या थोड्या जागांसाठी जेईईचे गुण लागत होते. जेईईचा अभ्यास मी केलाच नव्हता, कारण टक्के होते ना!

मराठी भाषकांसाठी सीमाभागाची सवलत असते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तीही शोधली. सवलत आहे, पण ती कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांसाठी. बेळगाव, निपाणी, बिदरकडच्या मुलांना ती मिळते. आमच्या गावांबद्दल दोन राज्यांत भांडण नाही, म्हणून सवलतही नाही. जातीच्या दाखल्याचं तेच. कुणबी दोन्हीकडे ओबीसीत आहेत, पण मध्य प्रदेशच्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे तत्त्व १९९० मध्येच सांगून ठेवलं होतं, तेही मुंबईतल्या एका मेडिकल प्रवेशाच्या प्रकरणात. मला ते नंतर कळलं. पण तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलं असतं असं वाटत नाही.

कारण एक दार उघडं होतं, संस्थेच्या कोट्याचं. तिथं राज्य कुणी विचारत नाही, फक्त पैसे विचारतात. आणि इथं मी बाबांशी खोटं बोललो. सरळ खोटं नव्हे, पण खरं काय ते न विचारता ठोकून दिलं, "पहिल्या वर्षाचे तुम्ही भरा, मग स्कॉलरशिप येते." महाराष्ट्राची फी सवलत महाराष्ट्राच्या रहिवाशांना आणि शासनाच्या प्रवेशफेरीतून आलेल्यांना मिळते. मी दोन्हींत बसत नव्हतो. हे त्या कॉलेजात एका वाक्यात विचारता आलं असतं. उत्तराची भीती होती, म्हणून विचारलं नाही.

बाबांनी बगीचा दाखवून व्यापाऱ्याकडून उचल घेतली. जुलैत आंबियाची फळं लिंबाएवढी असतात. त्या वेळी सौदा केला की भाव व्यापारी ठरवतो. दिवाळीत भाव चढला तेव्हा आमचा माल आधीच दुसऱ्याचा झालेला होता. बँकेकडे जावं असं कुणाच्या मनात आलं नाही. शैक्षणिक कर्ज म्हणजे सातबारा गहाण (इकडे खसरा-बी वन म्हणतात, पण भीती तीच), असा समज. प्रत्यक्षात चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका तारण मागत नाहीत आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरत होतं. अट एवढीच, की कॉलेजला नॅकची किंवा त्या शाखेला एनबीएची मान्यता हवी. माझ्या कॉलेजला होती की नव्हती? मी वसतिगृहाची मेस पाहून आलो होतो, मान्यता नाही.

आणखी एक गोष्ट मी घरी सांगितलीच नाही. २०१७ पासून मध्य प्रदेशात मेधावी विद्यार्थी योजना सुरू झाली होती. राज्य मंडळात बारावीला सत्तर टक्के आणि घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल, तर इथल्या सरकारी कॉलेजातल्या पदवीची फी राज्य भरणार. शाळेतल्या सरांनी वर्गात सांगितलंही होतं. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, सरकारी कॉलेजात बी.एस्सी. करायला का एवढे टक्के आणले? गावातल्या कॉलेजात जायची मला लाज वाटत होती. पैशाचं गणित चुकलं ते या लाजेपायी.

कॉलेजने मूळ गुणपत्रिका आणि टीसी ठेवून घेतली. भरलेल्या पैशातल्या एका हिश्श्याची पावती मिळाली, दुसऱ्याची "नंतर देऊ" म्हणाले. जुलै संपता संपता दुसऱ्या हप्त्याचा निरोप आला, सोबत माझं नाव सुधारून आणायची सूचना. महाराष्ट्राच्या फॉर्मात मधे वडिलांचं नाव लागतं, आमच्या गुणपत्रिकेवर ते वेगळ्या ओळीत असतं. नावासाठी प्रतिज्ञापत्र करता आलं असतं. हप्त्यासाठी मात्र काहीच करता येत नव्हतं, आणि तेव्हा कुठे मी बाबांना स्कॉलरशिपचं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मंग आधी कायले नाही बोल्ला?"

प्रवेश रद्द करायचं ठरलं. इथली चूक सगळ्यांत महागात पडली. तंत्रशिक्षण परिषदेचा नियम होता, की वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी फी परत करायची, आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. वर्ग सुरू झाल्यावर मात्र आपली जागा दुसऱ्याने भरली तरच पैशाची आशा. मी फोनवर "रद्द करतो" सांगितलं, पलीकडून "या कधीतरी" म्हणाले, आणि मला वाटलं झालं. लेखी अर्ज नाही, तारखेचा शिक्का नाही. बाबा म्हणाले पोळा आणि गोटमार (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आमची दगडफेकीची जत्रा) होऊन जाऊ दे, मग जाऊ. पांढुर्ण्यात त्या दिवसांत कुणी गाव सोडत नाही. गेलो तोवर वर्ग केव्हाच सुरू झाले होते. माझ्या फोनची नोंद त्यांच्याकडे असणार कशी? टीसी भांडून मिळाली. पैसे पावतीपुरतेही पूर्ण आले नाहीत, बिनपावतीच्या रकमेबद्दल तर बोलायलाच जागा नव्हती.

वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये कियोस्कवर बसून सरकारी कॉलेजची ई-प्रवेशाची नोंदणी केली, तेव्हा मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीतली जन्मतारीख चुकलेली निघाली. पण तोवर मी कागद आधी वाचायला शिकलो होतो. बी.एस्सी. तिथंच झालं, बरं झालं. प्रयोगशाळा जुनी होती, शिकवणारे दोघं-तिघं फार चांगले होते.

आता काकांची मुलगी बारावी झाली आहे. खेड्यात राहते, पहिल्या श्रेणीत पास झाली. इथल्या कॉलेजात गेली तर राज्य सरकारच्या 'गाव की बेटी' योजनेचे महिन्याला पाचशे रुपये दहा महिने मिळतील, हे मी तिला सांगितलं. तिला नागपूरलाच जायचंय. मी अडवलं नाही, मला तो अधिकारही नाही. काकांना घेऊन बँकेत गेलो. मॅनेजरने कॉलेजच्या मान्यतेचं पत्र आणि वर्षवार फीचा तक्ता मागितला. कॉलेजवाले म्हणतात, आधी जागा बुक करा, पत्र मग देऊ. पत्र आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, यावर काका आणि मी अडून बसलोय, आणि ती आमच्या दोघांशीही बोलत नाहीये.