तळेगावच्या वाटेवर : योग आणि क्षेम

नागपुराहून अमरावतीस जाताना निम्म्या वाटेच्या थोडे पुढे तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव लागते. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले हे गाव हमरस्त्यावरच वसले आहे. हा रस्ता पूर्वी ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. हल्ली त्याचा क्रमांक ५३ आहे. तळेगावाहून एक फाटा आर्वीकडे जातो, दुसरा आष्टीकडे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि गावकरी हुतात्मा झाले. हे स्थान नातवंडांस दाखवावे, आणि तेही तळेगावापासून पुढे सायकलीने जाऊन दाखवावे, असे गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरविले. महामार्गावर मुलांनी सायकल हाकणे धोक्याचे. म्हणून सायकली तळेगावापर्यंत मोटारीच्या पाठीवर न्यावयाच्या होत्या.

आमच्या पुतण्याने त्यासाठी डिकीवर पट्ट्यांनी बांधावयाचा एक रॅक आणला होता. सोबतचे सूचनापत्र त्याने आदल्या रात्री दोनदा वाचले. त्यात दोनच सायकलींची परवानगी होती, आणि प्रत्येकीचे वजन पंधरा किलोच्या आत असावे असे स्पष्ट लिहिले होते. नातवंडांच्या हलक्या सायकली त्यात बसत होत्या. परंतु आमची चाळीस वर्षांची काळी सायकल, लोखंडी चेनकव्हर व कॅरियरसह, वीस किलोंच्या वरच भरावी. “काका, हिचा भार ह्या रॅकला झेपायचा नाही,” असे पुतण्या म्हणाला. “ओझी बांधण्यात आमचे आयुष्य गेले आहे,” असे म्हणून आम्ही सुतळीचा गुंडा मागविला. तो पुढे काही बोलला नाही. आमच्या घरात वडीलधाऱ्यांपुढे कोणी बोलत नाही, ह्याचा आम्हांस आजवर अभिमानच होता.

कोंढाळी गेली, कारंजा गेले, आणि सत्याग्रही घाट लागला. ते नाव ऐकताच १९३० सालचा मध्यप्रांत-वऱ्हाडातला जंगल-सत्याग्रह आठवतो. त्याची कथा आम्ही रंगवून सांगत होतो, इतक्यात मागच्या काचेतून पाहणारी नात म्हणाली, “आजोबा, तुमची सायकल डुलते आहे.” आम्ही म्हणालो, “वळण आहे, डुलणारच.” क्षणभराने ती पुन्हा म्हणाली, “आजोबा, आता खूपच डुलते आहे.” पुतण्याने ह्या वेळी आमच्या होकाराची वाट पाहिली नाही. वेग कमी करून, दिवे लावून, त्याने मोटार कडेला घेतली.

खाली उतरून पाहिले तो खालचा एक आकडा डिकीच्या कडेतून निसटला होता. पेडलाने घासून सुतळीचे दोन पदर तुटले होते, एकच उरला होता. आमच्या सायकलीचे मागचे टायर सायलेन्सरच्या धुरासमोर येऊन गरम झाले होते. आम्ही हे पाहत असतानाच मागून एक मोटारसायकल आली. तीवर नवराबायको, आणि दोघांच्या मध्ये तीनचार वर्षांचे मूल होते. घाटभर ते आमच्या मागेच होते. मुलाने आमच्याकडे पाहून हात हलविला व ती मंडळी पुढे निघून गेली. सुतळीचा तो एक पदर दोन मिनिटे आधी तुटला असता तर काय झाले असते, हे आम्ही कोणी बोलून दाखविले नाही.

तळेगावात एका चहाच्या दुकानासमोर सायकली उतरविल्या. तेथून आष्टीचा रस्ता महामार्गाच्या मानाने शांत; मुलांनी तो आनंदाने काटला. हुतात्म्यांना वंदन करून दुपारी आम्ही परतलो. आमच्या सायकलीचा प्रश्न आम्हीच सोडविला : तळेगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे ती ठेवली, व आठ दिवसांनी ती मालटेम्पोतून घरी आली.

परतीची बांधणी नातीने सूचनापत्र मोठ्याने वाचावे व आम्ही तसे करावे, अशी झाली. ज्या घरी असा रॅक असेल त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती रीत येथे देतो. प्रथम डिकीची कड व रॅकच्या गाद्या ओल्या फडक्याने पुसाव्या, म्हणजे धुळीने रंग ओरखडत नाही. आकडे पत्र्याच्या कडेसच अडकवावे. काचेस किंवा प्लास्टिकच्या भागास कदापि नाही. वरचे, खालचे आणि बाजूचे पट्टे आळीपाळीने थोडेथोडे आवळावे. एकच पट्टा एकदम ओढल्यास रॅक तिरपा बसतो. मग रॅक धरून हलवावा : रॅकसोबत मोटारही हलली तर बांधणी पक्की, एकटा रॅक हलला तर कच्ची. जड सायकल मोटारीच्या लगत, हलकी बाहेर. एकीचे हँडल डावीकडे तर दुसरीचे उजवीकडे. पंप, बाटली, पिशवी काढून आत ठेवावी. पुढचे चाक सांगाड्यास बांधावे, नाहीतर ते वाऱ्याने फिरत राहते. टायर सायलेन्सरपासून दूर असावे. आडवी दांडी नसलेल्या सायकलीस आसनापासून हँडलापर्यंत वेगळी दांडी जोडून मगच टांगावे. पट्ट्यांची लोंबती टोके गुंडाळून बांधावी. मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी झाकली जाऊ नये. पाटी स्पष्ट दिसावी हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही अभिप्रेत आहे. आणि सर्वांत मुख्य गोष्ट : निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून सारे पट्टे पुन्हा तपासावे, व प्रत्येक खराब रस्त्यानंतर पुन्हा.

त्याप्रमाणे कारंज्यास थांबलो. इतक्या काळजीने बांधूनही एक पट्टा दोन बोटे सैल झाला होता. पुतण्याने तो आवळला, आम्ही टोक धरले.

शाळेत आम्ही ‘योगक्षेम’ हा समास कित्येक वर्षे शिकविला. ‘युज्’ म्हणजे जोडणे. नसलेले जोडणे हा योग, जोडलेले राखणे हा क्षेम, असे फळ्यावर लिहून देत असू. त्या सकाळी योग आम्ही मोठ्या दिमाखात केला होता. क्षेम मात्र एका दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी केला, आणि तिलाही आम्ही एकदा गप्प बसविलेच होते. घरी आल्यावर पुतण्याला आम्ही एवढेच म्हणालो, “पुढच्या वेळी आमचे चुकत असेल तर दोनदा सांग.” तो हसला व म्हणाला, “काका, तुम्ही एकदाच ऐका म्हणजे झाले.” आमच्या घरात वडीलधाऱ्यांस असे उत्तर प्रथमच मिळाले असावे. आम्हांस त्याचा राग आला नाही.