गाल बसलेत: फिलर घ्यायचं की स्वतःचीच चरबी?

वजन कमी करायला घेतलं की आधी पोट उतरावं असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा आधी उतरतो तो चेहरा. शुगर ताब्यात आलेली असते, गुडघे कुरकुरायचे थांबलेले असतात, जुने ब्लाउज पुन्हा अंगाला बसू लागलेले असतात. तरी लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘काय हो, आजारी होतात का?’ माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या रुग्णांपैकी बरेच जण या एका प्रश्नाला कंटाळून आलेले असतात. तुम्हीही त्यांतले असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी प्लास्टिक सर्जन आहे. फिलरही देते आणि चरबीचं रोपणही करते. त्यामुळे दोन्हींपैकी एकाचीच बाजू घेण्याचं मला कारण नाही.

आधी गाल का बसले ते बघा

चेहऱ्यावरची चरबी सलग थरात नसते, ती वेगवेगळ्या कप्प्यांत असते. वय वाढतं तसे यातले काही कप्पे आक्रसतात, काही खाली सरकतात. डोळ्यांच्या खोबणीभोवतीचं आणि जबड्याचं हाडही झिजतं. दाढा पडून बरीच वर्षं झाली असतील तर गालाला आतून मिळणारा आधार कमी होतो. अशा वेळी आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट. काही न करता वजन उतरलं असेल, तर गाल भरायचा विचार बाजूला ठेवा आणि आधी तपासण्या करून घ्या. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग यांची पहिली खूण कधीकधी चेहऱ्यावरच दिसते. कारण सापडेपर्यंत सुई लावायची नाही, हा माझ्याकडचा नियम आहे.

फिलर म्हणजे काय?

सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत मुळातच असतो. बाह्यरुग्ण विभागात, भुलीचं मलम लावून, साधारण अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. फरक लगेच दिसतो. थोडी सूज, थोडं काळंनिळं पडणं काही दिवसांत ओसरतं. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. कुठल्या जागी कुठलं जेल भरलं, यावर ते अवलंबून असतं.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते विरघळवता येतं. हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की नको असलेलं जेल एक-दोन दिवसांत बरंचसं निघून जातं. पण सगळी फिलर अशी नसतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडवर हे एन्झाइम चालत नाही. म्हणून ‘फिलर’ एवढाच शब्द ऐकून घरी येऊ नका, पदार्थाचं नाव विचारा.

आता मर्यादा. एका सिरिंजमध्ये साधारण १ मिली जेल असतं. घरातला चहाचा चमचा ५ मिलीचा धरला, तर पाच सिरिंज मिळून एक चमचा. बराच खळगा पडलेला चेहरा भरायला किती सिरिंज लागतील आणि दर वर्ष-दीड वर्षाने किती खर्च येईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

स्वतःची चरबी

ही कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये गुस्ताव नॉयबर या जर्मन शल्यविशारदांनी दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणात भरली होती. आजची पद्धत मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतली. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती नीट बसवली. पोट किंवा मांडीतून बारीक नळीने चरबी काढायची, तिच्यातलं रक्त आणि तेल वेगळं करायचं, आणि उरलेली चरबी अगदी थोडी थोडी करून चेहऱ्यात वेगवेगळ्या थरांत सोडायची.

थोडी थोडी का? भाताची लावणी आठवा. रोपं अंतर ठेवून लावली की प्रत्येकाला पाणी मिळतं, एकाच जागी पेंढी रोवली तर मधली कुजतात. चरबीच्या पेशींचंही तसंच. पहिले काही दिवस त्यांना आजूबाजूच्या पेशीजालातून झिरपेल तेवढंच पोषण मिळतं, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या येतात. ज्या पेशींपर्यंत त्या वेळेत पोचत नाहीत, त्या मरतात.

म्हणूनच भरलेली सगळी चरबी टिकत नाही. साधारण निम्मी टिकते असं धरून चाला. कुणाची कमी, कुणाची जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांची कमी. सूज दोन-तीन आठवडे राहते आणि खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी कळतो. काहींना दुसऱ्यांदा थोडी भरावी लागते. पण जी रुजते ती वर्षानुवर्षं राहते, आणि २०-३० मिली भरायची असली तरी माल घरचाच असतो.

ताईला मी काय सांगितलं

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीने हाच प्रश्न विचारला. मधुमेह कळल्यावर तिने आहार आणि चालणं सांभाळून १६ किलो वजन उतरवलं होतं. शाळेतून निवृत्त व्हायला वर्ष होतं आणि स्टाफरूममध्ये रोज कुणी ना कुणी तिच्या तब्येतीची चौकशी करायचं. ‘डॉक्टर म्हणून नको, धाकटी म्हणून सांग,’ ती म्हणाली. ‘टिकणारं कोणतं?’

टिकणारी चरबी. पण मी तिला उलटा प्रश्न विचारला: ‘वजन स्थिर झालंय का?’ झालेलं नव्हतं. अजून पाच-सहा किलो उतरवायचे होते.

हे महत्त्वाचं आहे, कारण पोटातून आणलेली चरबी गालात आली तरी पोटातलीच चरबी राहते. वजन वाढलं की ती फुगते, उतरलं की आक्रसते. तेव्हा वजन किमान सहा महिने एका जागी असल्याशिवाय मी चरबी भरत नाही. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं घेऊन ज्यांचं वजन अजून उतरतं आहे, त्यांनाही हेच सांगते.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. जास्त झालेली चरबी विरघळवणारं एन्झाइम नाही. गाठ राहिली किंवा डोळ्याखाली फुगवटा आला, तर इंजेक्शनं किंवा पुन्हा शस्त्रक्रिया. ‘आणि मला आरशात परकं वाटलं तर?’ ताईने विचारलं. मला तिचा हा प्रश्न ‘किती टिकतं’ यापेक्षा जास्त मोलाचा वाटला.

शेवटी तिने माझ्या एका सहकाऱ्याकडून तीन सिरिंज फिलर घेतलं, तिला वाटत होतं त्यापेक्षा कमीच. भरलेला चेहरा कसा दिसतो, आपल्याला आवडतो का, हे त्यातून कळलं. वर्षभरात वजन स्थिरावलं, एचबीए१सी चांगलं राहिलं, जेल ओसरत आलं, तेव्हा ती चरबीसाठी स्वतःहून तयार झाली. निम्मी चरबी विरली, तेव्हा मला फोन करून ओरडलीही. दुसऱ्यांदा भरायला मात्र तिने नकार दिला. ‘आता कुणी तब्येत विचारत नाही, तेवढं पुरे.’

मग तुमच्यासाठी काय?

थोडासाच खळगा असेल, पहिलीच वेळ असेल, वजन बदलतं असेल किंवा भूल देणं धोक्याचं असेल, तर हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर. खळगे मोठे असतील, वजन स्थिर असेल, काढण्याजोगी चरबी असेल आणि दोन-तीन आठवडे सुजलेला चेहरा चालणार असेल, तर चरबीचा विचार करा. पॅरी-रॉम्बर्गसारख्या आजारात चेहऱ्याची एक बाजू आक्रसते. आजार थांबल्यावर तिथे चरबीचं रोपण फार उपयोगी पडतं. मुळातच सडपातळ असाल तर चरबी आणायची कुठून, हाही प्रश्न असतो. आणि मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं असेल तर चरबी नकोच. फिलरही आजच, शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नाही.

कातडी लोंबत असेल तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही. लोंबणारी कातडी भरून ताणायला गेलं की चेहरा भोपळ्यासारखा दिसतो.

धोका दोन्हीकडे आहे

जेल किंवा चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्वचा काळी पडू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. नाक आणि भुवयांच्या मधली जागा सर्वांत जोखमीची. त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे डाग दिसले, खूप दुखू लागलं किंवा धूसर दिसू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना त्याच क्षणी गाठा. दृष्टीत फरक वाटला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. फिलर असेल तर एन्झाइम देता येतं, चरबीसाठी तसा उतारा नाही.

पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या ‘बिनसुईच्या पेना’ने फिलर घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

डॉक्टरांना हे विचारा

तुमचं शिक्षण कशात आहे, त्वचारोग की प्लास्टिक सर्जरी? पदार्थाचं नाव काय, आणि खोका माझ्यासमोर उघडाल का? हायलुरॉनिडेज आत्ता इथे आहे का? चरबी असेल तर शस्त्रक्रियागृह कुठे, भूल कोण देणार? तुम्ही दोन्ही करता का, आणि नसल्यास दुसरं करणाऱ्याकडे पाठवाल का?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर दोन्ही पुढे ढकला.

सल्ला घेतल्या दिवशीच पैसे भरू नका. दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधा, घरी आरशाशेजारी धरा, आणि नेमकं काय कमी झालंय ते बोटाने दाखवता येतं का बघा. तो फोटो पुढच्या भेटीला सोबत आणा.