बाटलीच्या आधीचे तीन आठवडे

गडहिंग्लज भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की गोठ्यातली वैरण बदलते. फडातून तोडकऱ्यांकडून वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या येऊ लागतात आणि कडब्याची गंज पुढच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवली जाते. हिरवी, स्वस्त, हाताशी असलेली वैरण कोण सोडेल? म्हशींचं विणंही बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत चालतं, म्हणजे वाड्याचा हंगाम आणि विण्याचा हंगाम बराचसा एकच. याच दिवसांत पशुवैद्याला निरोप येतात : म्हैस व्याली आणि बसली, कॅल्शियम कमी झालंय, बाटली लावायला या. बाटली लावली की बहुतेक वेळा जनावर उठतंही. पण बाटलीच्या या यशानंच आपला समज बिघडवला आहे, असं माझं म्हणणं आहे. कॅल्शियम दिल्यावर जनावर उठलं, त्या अर्थी त्याला आधी कॅल्शियम कमी घातलं होतं, हे अनुमान सरळ वाटतं, पण ते चुकीचं आहे. मालक त्यावर विसंबून गाभण जनावराला जे खाऊ घालतो, त्यातून पुढच्या वेताचं दुखणं तयार होतं.

आधी दुखणं ओळखण्याचं बघू. व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जनावर अस्वस्थ होतं, दात खातं, मागचे पाय अडखळत टाकतं, अंगावर बारीक थरथर दिसते. ही पायरी काही तासांचीच असते आणि गडबडीत ती हुकते. मग ते छातीवर बसतं, मानेला नागमोडी बाक येतो, तोंड वळून कुशीला टेकतं. कान हाताला गार लागतात, नाकपुडीवरचा ओलावा जाऊन ती कोरडी पडते, रवंथ थांबतो, शेण-लघवी बंद होते. तिसऱ्या पायरीला ते कुशीवर आडवं पडतं, पोट फुगतं, नाडी हाताला लागत नाही. तिथून पुढं वेळ तासांत मोजायचा. पण बसलेलं प्रत्येक जनावर कॅल्शियमचं नसतं, म्हणून सलाइनच्या नळीआधी थर्मामीटर लावावा. या दुखण्यात अंग तापत नाही. पारा बहुधा 101 फॅरनहाइटच्या खालीच राहतो. ताप असेल तर आधी कास दाबून बघावी, कारण कासदाहाचं विष अंगात भिनलेलं जनावरही असंच बसतं आणि त्याला घाईनं शिरेतून दिलेलं कॅल्शियम जीवावर बेतू शकतं. डोळे तरतरीत, समोरची वैरण खातंय, पण मागचं अंग उचलत नाही, असं असेल तर स्फुरदाची कमतरता किंवा विताना दबलेली नस शोधावी. लघवी कॉफीसारखी लाल असेल तर वाट स्फुरदाकडेच जाते, आणि वाड्यावर पोसलेल्या म्हशीत ती शंका आधी घ्यावी.

आता मूळ मुद्दा. पाचशे किलोच्या गायीच्या रक्तरसात एका वेळी जेमतेम अडीच-तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. दहा लिटर चिकातून सुमारे तेवीस ग्रॅम निघून जातं. म्हणजे व्याल्याच्या पहिल्या दिवशी रक्तातला साठा कित्येकदा रिता होऊन पुन्हा भरावा लागतो. हाडांत मात्र किलोंनी कॅल्शियम पडून असतं, शरीरातलं नव्व्याण्णव टक्के तिथंच. पण ती मुदत ठेव आहे. गरज आज आहे म्हणून आजच हातात पडत नाही. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीनं हुकूम द्यायचा, मूत्रपिंडानं ड जीवनसत्त्व कामाचं करायचं, मग आतड्यानं आणि हाडानं हात सैल सोडायचा, या कारभाराला एक-दोन दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या पुढं हाड आणि आतडं दोन्ही सुस्तावतात, म्हणून पहिलारूपेक्षा जुनं, भरपूर दुधाचं जनावर बसतं. याचा उत्तम पुरावा इतिहासात आहे. 1897 साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्यानं कासेत औषध सोडून हा रोग बरा करून दाखवला, आणि लवकरच औषधाऐवजी कासेत नुसती हवा भरली तरी गायी उठतात, हे लक्षात आलं. रोगाचं मूळ रक्तातलं कॅल्शियम घसरण्यात आहे, हे ड्रेयर आणि ग्रेग यांनी स्कॉटलंडमध्ये मांडलं ते त्यानंतर, 1925 साली. म्हणजे कॅल्शियमचा एक कणही न देता गायी उठत होत्या. हवेच्या दाबानं दूध उतरणं थांबलं, गळती थांबली, आणि शरीराला आपला कारभार सावरायला वेळ मिळाला. (आज हे कुणी करू नये, सडातून जंतू आत जातात.)

मग वाड्याचा दोष काय? त्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि न विरघळणारा क्षार होऊन शेणावाटे निघून जातं. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जंतू हळूहळू ऑक्झलेट फोडायला शिकतात, म्हणून बेतानं वाढवलेलं वाडं त्या पुष्कळ पचवतात. घोड्याला ही सोय नाही. ऑक्झलेटचं गवत आणि त्याच्या जोडीला स्फुरदानं भरलेला गव्हाचा कोंडा महिनोन्महिने खाल्लेल्या घोड्याचं हाड झिजतं आणि चेहऱ्याची हाडं सुजून डोकं मोठं दिसू लागतं. व्यालेल्या घोडीचं, विशेषतः अवजड जातीच्या घोडीचं, कॅल्शियम उतरलं तर ती म्हशीसारखी मवाळ पडत नाही. ताठरते, घामाघूम होते, स्नायू फडफडतात. उतरलेला घटक एकच, पण चित्र उलटं, म्हणून म्हशीवर तयार झालेल्या नजरेला घोडी चकवते. वाड्याचा दुसरा दोष मला ऑक्झलेटपेक्षा मोठा वाटतो, तो म्हणजे पालाश. पालाश भरपूर असलेल्या वैरणीनं रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं आणि मग पॅराथायरॉईडचा हुकूम हाडाला नीट ऐकू जात नाही. ठेव असते, मागणीही होते, पण खातं उघडत नाही.

इथं जाणकार मालक एक आक्षेप घेईल आणि तो चोख आहे. विण्याआधी कॅल्शियम कमी घातलं तर ग्रंथी आधीच जागी होते, असं तुम्ही पशुवैद्यच सांगता. 1954 साली बोडा आणि कोल यांनी कॅलिफोर्नियात ते जर्सी गायींवर दाखवलंही. मग कॅल्शियम अडवणारं वाडं हे औषधच झालं की! उत्तर असं, की ती युक्ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांपुरती आहे आणि तिच्यात बाकीच्या खनिजांचा तोल सांभाळावा लागतो. सबंध हंगाम वाड्यावर काढलेल्या जनावराच्या हाडांतली ठेवच आटत जाते, मॅग्नेशियम आणि स्फुरद तुटतं आणि वर पालाशचा भार पडतो. दुसरा आक्षेप वाडवडिलांचा : आजवर वाडंच घालत आलो, तेव्हा कुठं म्हशी बसत होत्या? तेव्हा वाड्याबरोबर शाळूचा कडबा असायचा आणि म्हैस घरापुरतं दूध द्यायची. 1963 साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, गावोगाव दोन्ही वेळचं संकलन सुरू झालं, दुधाला फॅटवर पैसे मिळू लागले, संकरित गायी आल्या. संसार त्यावर उभे राहिले, हे चांगलंच झालं. पण दूध वाढलं तशी चुकीला असलेली जागा आकसली. जुनी वैरण नव्या दुधाला पुरेल, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : बाटलीनं तासाभरात जनावर उठतं, तर तीन आठवड्यांची कटकट कशाला? बाटलीचं सामर्थ्य कुणी नाकारत नाही. कोमट करून, थेंबाथेंबानं, हृदयाचे ठोके ऐकत शिरेतून दिलेलं कॅल्शियम बोरोग्लुकोनेट काय करतं, ते बघण्यासारखं असतं. खांद्याच्या स्नायूंवर बारीक थरथर येते, ढेकर सुटतो, चिकट आवरणातला शेणाचा घट्ट गोळा पडतो, आणि कोरड्या नाकपुडीवर घामाचे मणी उमटतात. पण भरभर सोडलेली हीच बाटली हृदय बंद पाडते. बसलेल्या जनावराच्या घशात माणसं बळंच औषध ओततात तेव्हा ते फुप्फुसात उतरतं, कारण गिळायची ताकदच गेलेली असते. शिवाय उठलेलं जनावर एक-दोन दिवसांत पुन्हा बसू शकतं, आणि कठीण जमिनीवर तासन्‌तास एकाच कुशीवर बसलेल्याच्या मांडीचा स्नायू मरतो. मग रक्तातलं कॅल्शियम सुधारूनही ते उठत नाही. न बसणाऱ्या जनावरांचा तोटा त्याहून मोठा. रक्तातलं कॅल्शियम थोडंच उतरलेलं जनावर चालतं-फिरतं, पण त्याची गर्भपिशवी सैल राहते, वार अडकते, धारेनंतर सडाचं तोंड नीट मिटत नाही आणि कासदाह शिरतो. या सगळ्यांची बिलं वेगवेगळी येतात, म्हणून मूळ कारण एकच असल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा करायचं ते फार अवघड नाही. एरवी वाडं घालायचं तर कुट्टी करून, कडब्यात मिसळून, चुन्याची निवळी शिंपडून घालावं. ऑक्झलेट गव्हाणीतच चुन्याशी बांधलं जातं. भाकड काळात खनिज मिश्रण द्यावं. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत मात्र वाडं आणि लसूणघास दोन्ही कमी करून कडब्यावर भर द्यावा, आणि दुकानातलं कॅल्शियमचं टॉनिक कपाटातच ठेवावं. ताकद येईल म्हणून याच दिवसांत ते पाजलं जातं आणि ग्रंथीला झोपवतं. व्याली की त्याच दिवसापासून, जनावर उभं आणि गिळतं असताना, ते सुरू करावं. ज्या म्हशीला मागच्या वेताला बाटली लागली, तिची नोंद गोठ्याच्या वहीत ठेवावी, कारण पुढच्या वेतालाही तिलाच धोका जास्त. म्हैस बसल्याचा निरोप आला की पशुवैद्य येईलच. पण त्याला विचारायचा प्रश्न, वैरण काय घालू, हा विण्याच्या महिनाभर आधी विचारला तर त्याच्या उत्तराचा खर्च बाटलीपेक्षा कमी येतो.