‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

ऑफिसातला सगळ्यात स्वस्त शब्द कोणता? ‘झालं’! रिपोर्ट झाला, मेल गेला, टेस्टिंग झालं... पण कुठल्या क्रमाने, ते कोण विचारतंय? गंमत म्हणजे कम्प्युटरचा प्रोसेसरही अस्साच वागतो. आणि त्याला शिस्त लावणं हीच माझी रोजीरोटी!

मी कर्नल प्रोग्रॅमर, म्हणजे लिनक्सच्या पोटात शिरून काम करणारी. लग्नकार्यात हे सांगितलं की लोक ‘अच्छा, आयटीत का’ म्हणून जिलबीकडे वळतात. तुम्ही मात्र थांबा जरा.

मध्यंतरी आमच्याकडे पेशंटच्या उशाशी ठेवायचा मॉनिटर टेस्टिंगला होता. काम साधं. प्रोसेसरचा एक कोअर नाडीचा आकडा मेमरीत लिहिणार, मग ‘नवा आकडा तयार’ असा झेंडा लावणार. दुसरा कोअर झेंडा बघून आकडा स्क्रीनवर दाखवणार. झेंडा ‘ॲटॉमिक’ होता, म्हणजे अर्धवट लागलेला कुणाला दिसणारच नाही. लॅपटॉपवर सगळं मख्खन! खऱ्या यंत्रावर मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा झेंडा नवा आणि आकडा जुना. डीबगिंगसाठी एक प्रिंट टाकली, तर बग गायब!

मॅनेजर खूश. म्हणाला, ‘मग थोडा डिले टाक ना, शुक्रवारी शिपिंग आहे.’ मी सरळ नाही म्हटलं. वेळ बदलली की बग लपतो, मरत नाही. आणि त्या मॉनिटरशेजारी उद्या कुणाचे तरी बाबा झोपलेले असणार होते.

खरी भानगड अशी, की ॲटॉमिक म्हणजे अखंड. क्रमाने नव्हे! लॅपटॉपमधला एक्स८६ प्रोसेसर आपण लिहिलेल्या गोष्टी इतर कोअरना लिहिल्या त्याच क्रमाने दाखवतो. यंत्रात होता एआरएम. तो वेगासाठी क्रम बदलू शकतो. शिवाय दुसरा कोअर झेंडा बघायच्या आधीच आकडा उचलून ठेवू शकतो. वर कंपायलरही आपलं डोकं चालवतो, ते वेगळंच.

लिनक्सचा नियम स्पष्ट आहे. नुसतं ॲटॉमिक सेट, रीड किंवा इन्क्रिमेंट केलं, तर क्रमाची कुठलीच हमी नाही. किंमत बदलून ती परतही देणारी ऑपरेशन्स, उदाहरणार्थ ‘ॲटॉमिक इंक रिटर्न’, मुळातच पूर्ण क्रम पाळतात. बाकी ठिकाणी बॅरियर आपण घालायचा. मेमरी बॅरियर्सवरचा मोठा दस्तावेज कर्नलमध्ये २००६पासून आहे, आणि २०१८मध्ये तर या नियमांचं गणिती मॉडेलही कर्नलमध्ये आलं.

आमचं उत्तर दोन ओळींत बसलं. झेंडा लावताना ‘रिलीज’, म्हणजे याआधीचं सगळं लिहून झाल्याशिवाय झेंडा दिसणार नाही. झेंडा वाचताना ‘अक्वायर’, म्हणजे झेंडा बघितल्याशिवाय पुढचं काही वाचायचं नाही. यातलं एकच घातलं तर उपयोग शून्य! बॅरियरला जोडीदार लागतोच. म्हणून त्याच्याशेजारी ‘याची जोडी अमुक ठिकाणी’ अशी कॉमेंट लिहायची पद्धत आहे. ती विसरलात, तर कर्नलची ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट टोकते.

पंधरा दिवस टेस्ट चालली, एकदाही गडबड नाही. पण माझा भरवसा त्या पंधरा दिवसांवर नाही. पंधरा दिवसांत न दिसलेला बग सोळाव्या दिवशी दिसू शकतो. भरवसा आहे तो त्या दोन ओळी का पुरतात, हे कागदावर मांडता येतं यावर.

शुक्रवार हुकला, मॅनेजर आठवडाभर फुगून होता. चालायचंच!

तुम्हाला कोड लिहायचा नसेल, तरी एवढं घेऊन जा. आधीचं सगळं हातावेगळं झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका. आणि समोरचा ‘झालं’ म्हणेपर्यंत पुढचं उचलू नका. एकानेच शिस्त पाळून भागत नाही, राव!