माळरानाला विचारून जाऊ

पुणेकरांचा वीकेंड म्हणजे लोणावळा, नाहीतर ताम्हिणी. बारामती-इंदापूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ऊस, साखर कारखाने आणि राजकारण! तिकडे सायकलवर कॅम्पिंगला जातोय असं सांगा, लोक तुमच्याकडे काळजीने बघायला लागतील. पण बॉस, त्या उसाच्या पलीकडे एक भन्नाट दुनिया आहे. सोनेरी गवताचं माळरान. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा... सगळी मंडळी तिथे मुक्कामाला!

मी आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, दोघांचीही ही पहिलीच सायकल कॅम्पिंग ट्रिप. रूट ठरला. पहिल्या दिवशी दिवे घाट, जेजुरी, मोरगाव, सुपे करत बारामती. दुसऱ्या दिवशी शिर्सुफळ. तिसऱ्या दिवशी भिगवण, उजनीच्या पाण्यावर पक्षी. टेंट, हेडलॅम्प, बाभळीच्या काट्यांचा विचार करून जास्तीच्या ट्यूब्ज, सगळी लिस्ट तयार. गाडी अडली एकाच प्रश्नावर. टेंट लावायचा कुठे?

"माळावर! मोकळंच तर पडलंय. कोण विचारतंय?" इति मित्र.

विचारणं हाच माझा धंदा, त्यामुळे मी विचारत सुटले. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. राखीव वनात शेकोटी पेटवणं हा तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा. शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी इथे वन विभागाने २०२४ मध्ये ग्रासलँड सफारी सुरू केली. आधी ऑनलाइन बुकिंग, सोबत स्थानिक गाईड आणि ठरलेली वाट. थोडक्यात काय, चांदण्यात माळावर टेंट ठोकून मॅगी उकळायचं स्वप्न कॅन्सल!

तुम्ही म्हणाल, एवढ्या उजाड माळावर कसली आलीये परवानगी? खरी गोची तिथेच आहे. वर्षानुवर्षं आपण या जमिनीला 'पडीक' म्हणत आलो. पण चंडोल आणि धाविक पक्षी अंडी घालतात ती याच जमिनीवर. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात बिळात असतात, म्हणजे नेमकी आपल्या कॅम्पिंगच्या सीझनमध्ये. वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली की चिंकाऱ्यांचा चारा गेला आणि धनगरांच्या मेंढ्यांचाही. आपण रविवारी रात्री घरी पोचतो. ते जाणार कुठे?

हे सगळं सांगितल्यावर मित्र वैतागला. "एवढी नाटकं असतील तर मी आपला ताम्हिणीला जातो."

दहा वर्षांची दोस्ती, त्यामुळे जरा लागलंच. तरी म्हटलं, "जा. मी परवानगीशिवाय माळावर झोपणार नाही." दोन दिवस फोन नाही की मेसेज नाही.

दरम्यान मी नवा प्लॅन केला. बारामतीजवळ मावशीची वस्ती आहे. टेंट तिच्या अंगणात लावायचा, सायकली तिथेच ठेवायच्या आणि शिर्सुफळला बुकिंग करून काकांच्या गाडीतून गाईडसोबत जायचं. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, घरात चार खोल्या असताना अंगणात कशाला झोपायचं? लोक काय म्हणतील मला?" वन विभागापेक्षा हे परमिट अवघड निघालं! शेवटी 'रात्रीची भाकरी घरातच खायची' या अटीवर ते मंजूर झालं. आईनेही लगेच होकार दिला. मावशीच्या अंगणात मुक्काम म्हटल्यावर ती नाही कशी म्हणेल?

काल मित्राचा मेसेज आला. "मावशीकडे ठेचा असतो का?"

असतो, असं कळवलंय. येतो म्हणाला नाहीये अजून. पण ट्यूब्ज मी दोघांच्या घेतल्या आहेत.