गोडादऱ्यात मनुबाबा

22 डिसेंबर 2023, शुक्रवार

दुपारी साड्यांचे गठ्ठे आले. चौघी जणी माझ्या ओट्यावर डायमंड चिकटवायला बसल्या. त्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून मी वाचते. आज साने गुरुजींचं ‘मनुबाबा’ काढलं. मनू विणकर आहे म्हटल्यावर चौघींनी मान वर केली. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत विणकर म्हणजे घरचाच माणूस. निम्म्या घरांतले पुरुष बारा तासांच्या पाळीत लूमवर उभे राहतात, ताक्यावर ताका उतरवतात आणि घरी झोपेपुरते येतात.

ही गोष्ट मुळात इंग्लंडातली. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ 1861 साली आली. सायलस एका छोट्या ख्रिस्ती पंथातला श्रद्धाळू विणकर. जिवलग मित्राने डाव रचून त्याच्यावर चोरीचा आळ आणला. खरंखोटं ठरवायला पंथाच्या मंडळींनी देवाची प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी सायलसच्या विरुद्ध निघाली. त्याचा देवही गेला आणि माणसंही गेली. परगावी येऊन तो पंधरा वर्षं हातमागावर वाकून राहिला. रात्री मोहरा मोजायच्या, एवढीच त्याची संगत.

24 डिसेंबर, रविवार

आज गुरुजींचा जन्मदिवस. 1899 साली ते कोकणात पालगडला जन्मले, पण आम्हा खानदेशच्या लोकांना ते अमळनेरचेच वाटतात. तिथल्या प्रताप हायस्कुलात ते शिकवत, मुलांच्या वसतिगृहात राहत. त्याच अमळनेरहून तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, नवापूर, बारडोली करत आमची माणसं सुरतेत उधन्याला उतरली आणि लूमवर लागली. गुरुजींचा मनूही जणू याच गाडीने आला.

जॉर्ज एलियटचं खरं नाव मेरी ॲन इव्हान्स. विशीतच तिची चर्चवरची श्रद्धा उडाली. येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारा स्ट्राउसचा जर्मन ग्रंथ तिने इंग्रजीत आणला, तो 1846 साली छापला गेला. 1854 साली फॉयरबाखच्या ग्रंथाचा तिचा अनुवाद आला. अशा बाईने पुढे बायबलच्या दृष्टांतासारखी गोष्ट लिहिली. मत सुटलं, दृष्टांत सुटला नाही. आणि पंढरीच्या विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून 1947 साली उपाशी बसणाऱ्या गुरुजींना तो आपलासा वाटला.

25 डिसेंबर, सोमवार

नाताळ. वाचनाला सुट्टी, म्हणून मनातलं लिहिते.

ख्रिस्ती नीती मराठी कादंबरीत फार लवकर आली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचं, म्हणजे ‘सायलस मार्नर’च्याही आधीचं. विधवांचे हाल पाहून त्यांचं काळीज तुटत होतं, ते पानापानावर कळतं. पण त्या पुस्तकात लेखक वाचकाचा हात सोडत नाही. कुठे पोचायचं ते आधीच ठरलेलं असतं.

दृष्टांताची रीत वेगळी. आमच्या शेजारच्या भरुचहून महाराष्ट्रात गेलेल्या चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केशोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त गोळा केले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा उलगडा. उलगडा ऐकून झाल्यावरही गोष्टीतला माणूस मनात उरतोच. एलियट उलगडा सांगतच नाही, नुसता माणूस आपल्या दारात आणून ठेवते.

27 डिसेंबर, बुधवार

आज मूळ गोष्टीतली डॉली सांगितली. सायलसच्या मोहरा चोरीला जातात आणि गाव पहिल्यांदा त्याच्या दाराशी येतं. गाडीची चाकं घडवणाऱ्या कारागिराची बायको डॉली त्याला घरचे केक नेऊन देते. त्यांवर तिने चर्चमधल्या कापडावरची अक्षरं ठशाने उठवलेली असतात. ती येशूच्या नावाची खूण. पण डॉलीला वाचता येत नाही. देवघरातली अक्षरं आहेत म्हणजे चांगलीच असणार, एवढं तिला पुरतं.

वाचता वाचता माझा आवाज अडकला. मी नववीत होते. एका लूमखात्यात सुताचे कोन चोरीला गेले आणि नाव माझ्या आबांवर आलं. चौकशी झालीच नाही. पंधरवड्याचा पगार ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आत पाऊल टाकू दिलं नाही. आबा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्या महिन्यात शेजारच्या मावशीने रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. तिलाही अक्षर येत नव्हतं. आबांनी चोरी केली का, असं तिने एकदाही विचारलं नाही.

29 डिसेंबर, शुक्रवार

गुरुजींच्या गोष्टीतली मुलगी, सोनी, आली! मूळ गोष्टीत ती वर्षाच्या शेवटच्या रात्री येते. आई बर्फात मरून पडलेली, आणि दोन वर्षांचं पोर उघड्या दारातून आत येऊन शेगडीजवळ झोपतं. सायलसची नजर अधू. त्या सोनेरी केसांकडे पाहून त्याला वाटतं, मोहराच परत आल्या. हात लावतो तो मऊ केस.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात मुलगा हरवतो आणि बाप वाट पाहतो. इथे बापच हरवलेला असतो आणि पोर त्याला माणसांत आणतं. सोळा वर्षांनी जन्मदाता श्रीमंत बाप तिला न्यायला येतो. इथे मी थांबले, तर चौघींतल्या वहिनींच्या हातातली साडी खाली गेली. “पोर बापनाकडेच राहिनी ना?” त्यांच्या लेखी बाप कोण, हे ठरूनच गेलं होतं. राहिली, म्हटलं, विणकराकडेच राहिली. मग चौघींचे हात पुन्हा चालू लागले.

31 डिसेंबर, रविवार

पुस्तक संपलं. वहिनींनी विचारलं, “आणि तो पहिला आळ? तो फिटला का?”

मूळ गोष्टीत सायलस मुलीला घेऊन जुन्या गावी जातो. चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना कधीतरी सत्य कळलं का, एवढंच त्याला विचारायचं असतं. तिथे प्रार्थनाघर उरलेलंच नाही; त्या जागी मोठा कारखाना उभा आहे आणि माणसं जेवणाच्या सुट्टीला बाहेर पडताहेत. उत्तर द्यायला कोणी नाही. तो परत येतो आणि डॉलीला सांगतो, ते कोडं शेवटपर्यंत अंधारातच राहणार.

नीतिकथेत सगळे हिशेब चुकते होतात. या गोष्टीत मोहरा मिळतात, मुलगी मिळते, आळ मात्र फिटत नाही. म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवते.

रात्री आबांची मीटरची वही काढली. रोज किती कापड विणलं ते त्यांनी तारखेनिशी लिहिलंय. त्या पंधरवड्याचे आकडे आहेत, बेरीज आहे. ‘मिळाले’च्या रकान्यात काही नाही. पुढच्या पानावर, महिन्याभराने, निळ्या शाईत एकच नोंद: मावशीचं नाव आणि ‘30 दिवस भाकरी’. ती परत केल्याची खूण आबांनी कुठेच केलेली नाही. उद्या पहाटे कळण्याचं पीठ मळायचं आहे. मावशी आता नव्वदीची आहे, दात नाहीत. भाकरी दुधात कुस्करून न्यावी लागेल.